मागाखालचे चार पाय

८ नोव्हेंबर १९८३

लोक परदेशातून टेपरेकॉर्डर आणतात, मी इंग्लंडहून दोन गुडघे आणले. कस्टमवाल्याने पेटी उघडून विचारलं, "ये क्या है?" मी म्हटलं, "घुटने." तो माझ्याकडे बघत राहिला आणि पेटी बंद करून म्हणाला, "जाओ."

दिवाळीचा फराळ संपला, पाहुणे गेले. औषध कंपनीची ही डायरी वर्षभर कोरीच राहिली होती, तेव्हा उरलेली पानं वापरून टाकावीत म्हणून लिहायला बसलो. धंतोलीतला आमचा दवाखाना आता बरा चालतो. हाडं मोडलेले पुष्कळ येतात. त्या दोन कृत्रिम गुडघ्यांसाठी मात्र अजून कुणी आलेलं नाही.

पहिला बिजागरीचा. वर एक दांडा, खाली एक दांडा आणि मधे आस. तो दारासारखा उघडतो, दारासारखा मिटतो. पाय कितीही वाकडा असो, दांडे हाडांत बसवले की सरळ झालाच पाहिजे. दुसरा टोप्यांचा. मांडीच्या हाडाच्या टोकाला धातूची टोपी, खालच्या हाडावर प्लॅस्टिकची बशी, आणि दोघांना जोडणारं मधे काहीच नाही. त्यांना धरून ठेवायचं ते पेशंटच्या स्वतःच्या अस्थिबंधांनी. ते सैल असले की सगळं डुगडुगलं.

मला बिजागरी आवडते. टेबलाशी बसलो की ती आपोआप हातात येते. उघड, मीट, उघड, मीट. तिचा आवाजच होत नाही. त्या नादात समोरची भिंत विरघळते आणि तिथून सरळ पायांची माणसं चालत येताना दिसतात, एकामागून एक, सकाळच्या धुक्यातून यावीत तशी. आज जेवतानाही ती ताटाशेजारी होती. प्रेमिला भाजी वाढता वाढता म्हणाली, "उचला बरं तो गुडघा. मी कुठे बसू?" मी उचलला, पण तोवर ती स्वैपाकघरात जाऊन जेवायला बसली होती.

११ नोव्हेंबर

आली! जिची वाट पाहत होतो ती बाई आज दवाखान्यात आली. तिचं दुखणं बघून मला आनंद झाला, हे कुठे लिहू नये, पण डायरीत नाही लिहायचं तर कुठे?

वच्छलाबाई. नाईक तलावाकडच्या विणकरांच्या गल्लीत राहतात, पन्नाशी ओलांडलेली. लहानपणी उजव्या पायाचं हाड मोडलं, ते वाकडं जुळलं, पुढे गुडघा एका अंगाने झिजत गेला. आता गुडघा आत ओढलेला आणि नडगी बाहेर फेकलेली. व्हरांड्यातून त्या भिंतीला हात लावत आल्या. डावा पाय पुढे यायचा आणि उजवा दुसऱ्याच कुणाच्या घरी निघाल्यासारखा बाजूला जायचा.

"कधीपासून दुखतं?"

"कधीचं काय सांगू डाक्टरसाहेब. ही चंद्रकला पोटात होती तवापासून दुखतेच हाये. आता मात्र उभं राहवत नाई."

चंद्रकला त्यांची मुलगी, सासरहून आईसाठी आलेली. नवरा नत्थूजी दाराशी टोपी हातात घेऊन उभा. तपासणी चालली असताना त्याने एकच वाक्य उच्चारलं, "डाक्टरसाहेब, मी निंघू काय? मागावर ताणा चढवून ठेवला हाये." बायको टेबलावर कण्हते आहे आणि याला माग! मला त्याचा रागच आला.

मी बाईंना समजावलं. नवा गुडघा बसवू, पाय सरळ होईल, दुखणं जाईल. फक्त जन्मभर जमिनीवर बसायचं नाही. पाट नाही, चटई नाही, मांडी नाही. नवा सांधा काटकोनात वाकतो, त्यापुढे त्याला ताणायचं नाही.

"मागावर बसता येईन न मले?"

त्यांचा माग खड्ड्याचा. जमिनीत खड्डा, काठावर बसायचं, पाय आत सोडायचे. म्हणजे आधी जमिनीवर बसणं आलंच. मी मान हलवली.

"मंग राहू द्या," त्या म्हणाल्या आणि मुलीच्या खांद्यावर हात टाकून उठल्या. "चाल वं."

२० नोव्हेंबर, रविवार

नऊ दिवस ती वाकडी नडगी डोळ्यांसमोरून हलेना. आज स्कूटर काढली आणि शोधत शोधत त्यांच्या घरी गेलो. प्रेमिला म्हणाली, "पेशंट नाही म्हणते तर तुम्ही काहून मागे लागून राहिले?" मी स्कूटरची किल्ली शोधू लागलो.

गल्लीत शिरल्यापासूनच मागांची खटखट ऐकू येते. दोन-चार घरं सोडली तर बाकीच्यांत माग बंदच झालेत, पोरं हिंगण्याच्या कारखान्यांत जातात. नत्थूजींच्या घरात कौलांमध्ये एक काच बसवली आहे. तिच्यातून उन्हाचा पट्टा थेट ताण्याच्या उभ्या धाग्यांवर पडतो आणि ते पाण्यासारखे हलतात. मी उंबऱ्याशी उभा राहून बराच वेळ नुसता बघत होतो, माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

दोघं एकाच खड्ड्यात, शेजारी शेजारी. करवती काठाचं लुगडं चाललं होतं. काठाचा रंग निराळा, म्हणून त्याचा आडवा धागा नेणारा धोटाही निराळा. मधला धोटा नत्थूजी फेकायचे, डाव्या काठाचा बाई. कुणी कुणाला सांगत नव्हतं, विचारत नव्हतं. हात आपोआप पुढे यायचा आणि धोटा हातात पडायचा.

मग मी खाली वाकून खड्ड्यात पाहिलं. पायाखाली लाकडी पट्ट्या असतात, त्या आळीपाळीने दाबल्या की धागे वरखाली होतात. बाईंचा तो बाहेर वळलेला उजवा पाय सरळ नत्थूजींच्या बाजूला गेलेला होता आणि त्यांच्या पट्टीवर, त्यांच्या पावलाला लागून टेकला होता. एका पट्टीवर दोघांचे पाय. जागेची अडचण, दुसरं काय! असल्या अडचणीत पाय आणखी वाकडा होणार नाही तर काय होईल? तसं होत नसतं हे मला ठाऊक आहे, तरी वाटलं.

"बसून पाहता काय?" नत्थूजींनी विचारलं आणि उठून जागा दिली.

मी बसलो. पाय गार मातीत गेले. पट्टी दाबली, दुसरी दाबली. गुडघा छान काटकोनात राहतो, मांडीला खड्ड्याचा काठ लागतो, बसणं अगदी आरामाचं. पण एका पट्टीवरून दुसरीवर जाताना पाऊल जरासं फिरतं आणि ते फिरणं गुडघ्यातून जातं. इतकं थोडं की लक्षातही येऊ नये. मी दाबत राहिलो, काचेतलं ऊन हातावर आलं, आणि मला क्षणभर वाटलं की मी डॉक्टर नाहीच, इथेच जन्मलो आहे आणि हे लुगडं संध्याकाळपर्यंत संपवायचं आहे.

"चहा घ्या," चंद्रकला म्हणाली, तेव्हा भानावर आलो.

खड्ड्यातून निघताना बाईंनी नवऱ्याच्या मानेत हात घातला आणि त्यांनी कमरेला धरून वर ओढलं. ते पाहून मी स्पष्टच बोललो, की नवा गुडघा या उठबशीत टिकणार नाही. बसणं जमेल, पण या जमिनीवरून उतरणं-उठणं नाही. पाय सरळ हवा असेल तर माग सुटला म्हणून समजा.

बाईंनी ताण्यावरून एकदा हात फिरवला. निघताना नत्थूजी दारापर्यंत आले.

"खुर्चीवर बसली तं चालते काय, साहेब?"

"खुर्चीवर हवं तेवढं बसू दे."

"खुर्ची म्हंजे तुमच्या दवाखान्यात हाये, तेवढी उंच?"

"तेवढीच."

त्यांनी मान डोलावली. खुर्ची घेऊन देणार असतील. चांगलं आहे.

५ डिसेंबर

वच्छलाबाई स्वतःहून आल्या. "करून टाका," म्हणाल्या.

माझ्या त्या रविवारच्या बोलण्याचा परिणाम झाला तर! डॉक्टरने घरी जाऊन सांगितलं की पटतं. तरी विचारलं, की घरी काय ठरलं? "ठरलं काई नाई. हे म्हणले, तू पाय सरळ करून घे, बाकी मी पाहतो." बाकी म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. घरकाम वगैरे असेल.

एक्स-रे काढला. आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणून ताणून लांबला आहे, बाहेरचा आखडून दोरीसारखा झाला आहे. भूल देणारे महादेवराव माझे जुने मित्र आहेत. फोटो खिडकीशी धरून ते म्हणाले, "मुकुंदा, यात विचार कसला करतोस? बिजागरी बसव आणि मोकळा हो. टोप्या बसवल्यास तर बाई चालताना लटपटेल."

मलाही तेच हवं होतं. माग सुटलाच आहे, घरातल्या घरात चालायचं आहे. बिजागरी. ठरलं. संध्याकाळी ती काढून रुमालाने पुसली. प्रेमिला म्हणाली, "लग्नाची पोरगी दाखवायची असल्यासारखे नटवून राहिले तिला."

१२ डिसेंबर

दुपारी जेवून जरा आडवा झालो. हिवाळ्याचं ऊन अंथरुणावर आलं होतं, अंगणात कुणी संत्री सोलत असावं, वास येत होता. स्वप्नात मी त्या खड्ड्यात बसलो होतो. धोटे आपोआप ये-जा करत होते, कापड वाढत होतं आणि दारातून बाहेर, गल्लीतून तलावापर्यंत गेलं होतं. लोक त्यावरून सरळ पायांनी चालत होते. मला दुसरी पट्टी दाबायची होती. पण माझा पाय बिजागरीचा होता. तो पुढे जाई, मागे येई, पण बाजूला वळेना. शेजारी कुणी तरी बसलेलं होतं आणि माझी वाट पाहत होतं. मी बघितलं नाही कोण ते.

उठल्यावर कपाटातली बिजागरी काढून हातात धरली आणि पिळून पाहिली. वळत नाही. वळू नये म्हणूनच ती केलेली आहे. पाय जरासा फिरला की तो झटका हाडात भरलेल्या सिमेंटवर जाणार, आणि काही वर्षांनी दांडे हाडातच खिळखिळे होणार. हे मी इंग्लंडमध्ये वाचलं होतं, पाठ होतं. टोप्या तेवढं वळण देतात.

पण बाई मागावर बसणारच नाहीत ना आता? मग मी पट्ट्यांचा विचार का करतो आहे? मला काही समजत नाही. महादेवरावांना सांगितलं तर ते हसतील. एवढं मात्र पक्कं आहे, की त्या पावलाचं फिरणं मी स्वतःच्या गुडघ्यात अनुभवलं आहे आणि आता ते विसरता येत नाही.

१९ डिसेंबर

शस्त्रक्रिया झाली. दोन्ही सांधे निर्जंतुक करून मांडून ठेवले होते. आखडलेली बाजू थोडी थोडी सोडवत गेलो, दर वेळी पाय ताणून पाहायचा, आणखी थोडं सोडवायचं. नमुन्याच्या टोप्या लावून पाहिल्या तर आतल्या बाजूला किंचित फट राहत होती. महादेवराव डोक्याशी बसून म्हणाले, "घे ती बिजागरी. बाई थकली आहे."

माझा हात बिजागरीकडे गेलाही. चकचकीत होती, सोपी होती. सोबत आलेल्या बश्यांतली मी जरा जाड घेतली, पुन्हा ताणून पाहिलं. फट जवळजवळ गेली. पाय वाकवला, सरळ केला, पाऊल धरून हळूच फिरवलं. फिरलं. "टोप्याच," मी म्हणालो. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

पाय अगदी दोरीत नाही, थोडा बाहेर राहिला आहे. बिजागरीने तोही राहिला नसता.

२० डिसेंबर

पाऊल उचलत नाही.

सकाळी बाईंना म्हटलं, पाऊल वर करा. त्यांनी डोळे मिटून जोर केला आणि पाऊल तसंच पडून राहिलं. इतक्या वर्षांचा वाकडा पाय एकदम सरळ केला की बाहेरच्या बाजूची नस ताणली जाते. पुस्तकात ही ओळ मी तांबड्या शाईने अधोरेखित केलेली आहे. मी या बाईला चालतं करायला निघालो होतो आणि तिचं पाऊलच घालवून बसलो.

घट्ट पट्ट्या सगळ्या कापून टाकल्या. गुडघा वाकवून नसेचा ताण कमी करायला हवा होता, पण बाई दुखण्याने पाय आखडून धरत होत्या. मला दुसरं काही सुचेना. चंद्रकलेच्या मदतीने त्यांना पलंगाच्या कडेला आणलं, पाठीला उशा लावल्या आणि म्हणालो, "वच्छलाबाई, मागावर बसता तशा बसा. पाय खाली सोडा."

त्यांनी डोळे मिटले. दोन्ही पाय हळूहळू खाली सैल झाले आणि गुडघा वाकला. थोड्या वेळाने डावा पाय हवेतच दाबायला लागला, खाली, वर, खाली. हातही मांडीवरून जरासे पुढे यायचे आणि धोटा न मिळाल्यामुळे मागे जायचे.

"नत्थूजी कुठे आहेत?" मी चंद्रकलेला विचारलं.

"बाबा कामात हायेत."

२८ डिसेंबर

पावलात फरक नाही. रोज त्यांना पलंगाच्या कडेला बसवतो, पावलाला आधाराची पट्टी लावली आहे. नस तुटलेली नाही, ती जागी होईल, असं मी सगळ्यांना सांगतो. मला खात्री नाही.

आज नत्थूजी आला. नखांत माती, धोतरावर विटांचा चुरा. आला, पायाशी उभा राहिला, दोन संत्री ठेवली आणि पायाला बोट लावून पाहिलं. "लय सरळ झाला वं," म्हणाला आणि निघाला. मी व्हरांड्यात गाठून बोललो, की बायकोची ही अवस्था आणि तुम्हाला घराची डागडुजी सुचते? तो धोतरावरचा चुरा झटकत राहिला. "होऊन राहिलं साहेब, थोडंच राहिलं," एवढंच बोलला. जाड कातडीचा माणूस आहे.

प्रेमिलेला सांगितलं. ती म्हणाली, "कशाच्या विटा, ते विचारलं का तुम्ही?" विटा कशाच्या असतात?

८ जानेवारी १९८४

नवीन वर्षाची नवीन डायरी, त्याच कंपनीची. पहिल्याच पानावर हे लिहायला मिळालं: अंगठा हलला!

मी पलंगाशी खाली बसलो होतो. बाई म्हणाल्या, "पाहा बरं, हलून राहिला काय?" हलत होता. मी तसाच जमिनीवर बसून राहिलो. चंद्रकलेने तोंडावर पदर घेतला. वच्छलाबाई मला म्हणाल्या, "उठा बाप्पा, जमिनीवर बसू नका, गुडघे जातीन तुमचे." मी हसलो, आणि डोळ्यांत पाणीही आलं.

१४ जानेवारी

संक्रांत. बाई चालायच्या आधाराची चौकट धरून व्हरांडाभर चालल्या. पाऊल अजून थोडं घासतं, पण उचलतं. टोकाला खिडकी आहे, तिथे थांबून त्यांनी लुगडं जरा वर धरून खाली पाहिलं.

"हा पाय कोनाचा वं चंद्रकला?" त्यांनी विचारलं.

मग सगळ्यांना तिळगूळ वाटला. महादेवराव लाडू तोंडात टाकत म्हणाले, "लटपटत नाही रे!" मी म्हटलं, नाही. परवा घरी सोडायचं.

२५ मार्च, रविवार

होळी झाली, ऊन तापायला लागलं. बाईंना घरी जाऊन पाहावं असं मनात होतंच, आज गेलो. प्रेमिलेला विचारलं तर तीही आली.

गल्लीत शिरताना खटखट ऐकू आली. त्यांच्याच घरातून. मी घाबरलो, बाईंनी ऐकलेलं दिसत नाही, बसल्या खड्ड्यात!

खड्डाच नव्हता. बुजवून वर सारवलेलं होतं. सगळा माग वर उचललेला, विटांच्या खांबांवर उभा केलेला. बसायला विटांचा ओटा, वर घडी केलेली गोधडी. पायाखालच्या पट्ट्या आता जमिनीवर. मी ओट्याशी उभा राहून गुडघ्याशी उंची लावून पाहिली. बरोबर माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीएवढी. नव्या सांध्याला इतकी चांगली उंची मी कागदावर आखूनही काढली नसती. नत्थूजींनी अर्ध्यावर आलेला ताणा उतरवून हे केलं. चंद्रकला म्हणाली, गल्लीतले सारे हसत होते, खड्ड्याचा माग कोनी टांगते काय म्हणून. सरळ बायकोचं काम बंद ठेवायचं सोडून एवढी खटपट! पण कारागीर चांगला आहे, हे मान्य केलं पाहिजे. मी तसं त्यांना म्हणालो. ते टोपी सारखी करत बसले.

"ओटा लांब घेतला," ते म्हणाले. "तिले पाय ठेवाले जागा पाहिजे न."

दोघं विणायला बसली. उभ्याने वळून, टेकून, अलगद बसल्या बाई, मी शिकवलं होतं तसंच. काचेतून ऊन ताण्यावर पडलं होतं. धोटे सुरू झाले. मी वाकून खाली पाहिलं, कारण मला ते पावलाचं फिरणं पाहायचं होतं. गुडघा वाकत होता आणि पाऊल हळूच फिरत होतं. बिजागरी घातली असती तर? हा विचार मनात आला आणि गेला.

एक गोष्ट मात्र खटकली. आता जागा भरपूर आहे, पाय सरळ आहे, बाईंची स्वतःची पट्टी समोर आहे. तरी त्यांचा उजवा पाय सरकत सरकत पलीकडे गेला आणि नत्थूजींच्या पट्टीवर, त्यांच्या पावलाला लागून टेकला.

"वच्छलाबाई, पाय आपल्या बाजूला ठेवा," मी म्हणालो. "आता वाकडा नाही तो."

त्या लाजल्या. "सवय हाये, डाक्टरसाहेब."

नत्थूजींनी पट्टी दाबली, दोन्ही पावलं बरोबरच खाली गेली.

जुनी सवय आहे, मोडायला वेळ लागेल. पुढच्या तपासणीला पुन्हा बजावून सांगेन. घरी येताना स्कूटरवर प्रेमिलेला हे सांगितलं, तर ती मागे बसून हसत सुटली, का ते सांगेना. बिजागरी मी कपाटात ठेवून दिली आहे. रात्री जेवायला बसलो तेव्हा माझ्या ताटाशेजारची जागा रिकामी होती. प्रेमिलेने आपलं ताट आणलं, माझ्या ताटाला लागून ठेवलं आणि तिथेच बसली.